शिवथरची लेखणी, मुंबईचा खिळा : जावजी दादाजी यांच्या उद्योगाविषयी

महाडहून बिरवाडीमार्गे वरंध घाटाच्या पायथ्याकडे जाऊ लागले म्हणजे डोंगरांच्या कुशीत शिवथरचे खोरे लागते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी नावे तेथील वस्त्यांची. १६५६मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेईपर्यंत हा मुलूख चंद्रराव मोऱ्यांचा. या खोऱ्यात, पावसाळ्यात धबधबा जिच्या तोंडावरून कोसळतो, अशी एक घळ आहे. समर्थ रामदासांनी तिला 'सुंदरमठ' म्हटले. दासबोध येथे सिद्ध झाला, समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, ही संप्रदायाची परंपरा. काळाच्या ओघात घळीचा विसर पडला. १९३०मध्ये धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे ती जागा निश्चित केली, आणि आज शिवथर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते या शोधामुळे.

दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास यांत अध्यात्म आहे, तसेच रोकडा व्यवहारही आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. बाळबोध अक्षर कसे काढावे, याचा तो पाठ आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि सुटे असावे. शाई काळीभोर असावी. ओळी मोत्यांच्या माळांसारख्या दिसाव्यात. ग्रंथाच्या आरंभी अक्षराचे जे वळण असेल तेच शेवटपर्यंत राहावे, जणू एकाच टाकाने सारा ग्रंथ उतरला आहे. पानाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर जाणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्याच उपयोगी पडत नाही. एखाद्या कसबी माणसाने शिकाऊ मुलाला सांगावे तसे हे सांगणे आहे. आणि याच दशकात, दोन समासांच्या आतच, करंट्याची लक्षणे येतात व त्यापाठोपाठ सदेवाची, म्हणजे भाग्यवंताची. भाग्य हे कपाळावर लिहून येत नाही, ते सावधपणातून, उद्योगातून आणि माणसे राखण्यातून येते, असा त्या दोन समासांचा एकत्रित अभिप्राय आम्ही समजतो. चांगले अक्षर आणि चांगले दैव यांना शेजारी बसवणारा हा ग्रंथ आहे.

आमच्या मनात प्रश्न आला तो येथे. लेखणीसाठी सांगितलेला हा अक्षरधर्म छापखान्याच्या युगात कोणी पाळला? आरंभापासून अंतापर्यंत एकच वळण, ठसठशीत काळेपणा, मोकळी कड, म्हाताऱ्या डोळ्यांनाही वाचता येईल असा आकार, या अटी शिशाच्या खिळ्यांत कोणी उतरवल्या? उत्तर एकाच नावाशी येऊन थांबते. ते नाव निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे. त्यांचा शिवथरशी काही संबंध होता, असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. ते मुंबईचे. पण मराठी ग्रंथाचा इतिहास सलग वाचायचा तर घळीतली लेखणी आणि काळबादेवीच्या कोळभाट गल्लीतला खिळा ही एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. साहित्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या टोकाला मानाचे पान आहे. दुसऱ्या टोकाचे नाव पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यालाही बहुधा ठाऊक नसते. हा लेख त्या दुसऱ्या टोकाविषयी आहे.

जावजींच्या आधीची थोडी पार्श्वभूमी पाहणे अगत्याचे आहे. मराठी मुद्रणाचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, बंगालमधील श्रीरामपूर येथे झाला. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण तेथे १८०५मध्ये छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६-१७च्या सुमारास छापखाना घातला आणि धर्मप्रसारासाठी का होईना, देवनागरी खिळ्यांवर परिश्रम घेतले. या छापखान्यात उमेदवार म्हणून शिरून पुढे टाइप करण्यात निष्णात झालेले टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षराला प्रथमच काही डौल आणला. मिशनचे काम पाहून गणपत कृष्णाजी या मराठी माणसाने स्वतःच्या हिकमतीवर शिळाप्रेस उभा केला, शाई बनवली, आणि १८३१मध्ये पहिले छापील मराठी पंचांग काढले. गोविंद नारायण माडगावकर यांनी 'मुंबईचे वर्णन' या १८६३च्या ग्रंथात त्यांची आवर्जून दखल घेतली आहे. छापील कागदाला शिवणेही विटाळाचे मानणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. शाईत चरबी असते, ही त्यांची मुख्य तक्रार. अशा काळात पंचांगासारखी धार्मिक वस्तू छापून ती घरोघर स्वीकारली जाणे, ही लहान गोष्ट नव्हती. गणपत कृष्णाजी १८६०मध्ये वारले. जावजी तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतल्या एका गरीब मराठा कुटुंबातला. शालेय शिक्षण नाममात्र. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ग्रॅहम यांच्या हाताखाली टाइप घासण्याच्या कामावर लागले. ओतलेल्या खिळ्याच्या अंगाला शिशाची कड राहते. ती घासून खिळा सारखा केला नाही तर ओळ वाकडी बसते आणि पानावर एक अक्षर गडद, दुसरे फिके उमटते. हे काम छापखान्याच्या उतरंडीत सर्वांत खालचे. परंतु अक्षर डोळ्यांनी वाचण्याआधी ते बोटांनी ओळखण्याची संधी या कामात मिळते. खिळ्याची उंची केसभर चुकली तर काय होते, हे पुस्तकातून कळत नाही. आम्हांला वाटते, निर्णयसागरच्या पुढील कीर्तीचे बीज या कंटाळवाण्या कामात आहे. मिशनचा छापखाना मोडल्यावर जावजी दुसरीकडे गेले. टाइम्सचा छापखाना, पुढे १८६२मध्ये निघालेल्या 'इंदुप्रकाश'चा छापखाना, अशी त्यांची नोकरीची वाटचाल सांगितली जाते. प्रत्येक ठिकाणी काम खिळ्यांचेच.

येथे देवनागरी टाइपाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण जावजींचे कर्तृत्व तिच्या संदर्भातच मोजता येते. इंग्रजी छापायचे तर मोठी आणि लहान अक्षरे, अंक व चिन्हे धरून शंभर-सव्वाशे प्रकारच्या खिळ्यांत काम भागते. देवनागरीत मूळ अक्षरांना काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि रफार लागतात. त्यांतले काही शिरोरेघेच्या वर, काही खाली, काही बाजूला. शिवाय जोडाक्षरे. मराठीत त्यांची संख्या मर्यादित असते. संस्कृतात मात्र 'कार्त्स्न्य' यासारखा शब्द येतो आणि पाच व्यंजने एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणजे जुळाऱ्यासमोरच्या खणांची संख्या शेकड्यांत जाते. प्रत्येक खिळ्यासाठी आधी पोलादात अक्षराचा उलटा ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून मातृका करायची, आणि मग तिच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. एकाच आकाराच्या अक्षरांचा पूर्ण संच सिद्ध करायला वर्षे लागत. पुन्हा संस्कृत टीकाग्रंथाला एक आकार पुरत नाही. मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका मध्यम अक्षरात, पाठभेद तळाशी बारीक अक्षरात, अशी त्या पानाची मांडणी असते. बारीक अक्षरातही मात्रा तुटता कामा नये आणि रफार हरवता कामा नये, ही अट पाळणे महाकठीण.

१८६४मध्ये जावजींनी नोकरी सोडून स्वतःची अक्षर-ओतशाळा काढली. ठसे कोरण्याचे कसब त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांचे. या काळाचा विचार केला म्हणजे निर्णयातले धाडस ध्यानात येते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६४च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली होती. जो तो शेअरांच्या मागे लागला होता. १८६५मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजारांवर आलेली दिसते. या चढउतारात एक पूर्वीचा टाइप घासणारा मुलगा शिशाची अक्षरे ओतून विकत होता, आणि त्याचा धंदा तगला. तगला याचे कारण आमच्या मते असे, की त्याचा माल सट्ट्याचा नव्हता. शाळाखात्याची क्रमिक पुस्तके, वृत्तपत्रे, मिशन, न्यायालये, सर्वांना देवनागरी छपाई हवी होती, आणि प्रत्येक छापखान्याला दर काही वर्षांनी झिजलेले खिळे बदलावे लागत होते.

जावजींनी आधी छापखाना काढून मग अक्षरे शोधली नाहीत. आधी अक्षरे सिद्ध केली, ती इतरांना विकली, आणि त्यानंतर पाच वर्षांनी, १८६९मध्ये, स्वतःचा छापखाना घातला. हा क्रम महत्त्वाचा आहे. इतर मुद्रक बाजारात मिळेल तो टाइप घेत. त्यात एखादे जोडाक्षर नसेल तर हलन्त चिन्ह देऊन वेळ मारून नेत. निर्णयसागरला ती तडजोड करावी लागत नसे. पंडिताने मागितलेले अक्षर खणात नसेल तर ते त्याच छपराखाली कोरून ओतता येई. छापखान्याचे नाव आणि तेथून निघणाऱ्या पंचांगाचे नाव एकच, निर्णयसागर. पंचांग ही दरवर्षी खपणारी, दुसऱ्या वर्षी निरुपयोगी होणारी आणि म्हणून पुन्हा विकत घ्यावी लागणारी वस्तू. ज्या ग्रंथाच्या प्रती संपायला दहा-वीस वर्षे लागतील, तो छापण्याची उमेद अशा खात्रीच्या उत्पन्नावरच उभी राहू शकते. जावजींनी हा हिशेब कागदावर मांडला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या प्रकाशनांची यादी पाहिली की तो तेथे दिसतो.

मराठी वाङ्मयाच्या बाजूने पाहायचे तर दोन प्रकाशनांचा उल्लेख पुरेसा आहे. ज्या १८८१ साली पुण्यात 'केसरी' निघाला, त्याच साली निर्णयसागरने मुलांसाठी 'बालबोध' मासिक सुरू केले. विनायक कोंडदेव ओक यांनी ते १९१४पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवले. थोरांची चरित्रे, सृष्टिज्ञान, कविता, निबंध असा त्याचा ऐवज होता. तेहेतीस वर्षे एका संपादकाने एकच बालमासिक चालवावे, हे आजही नवलाचे वाटेल. आणि त्यामागे तितकीच वर्षे ते छापणारा व नफ्यातोट्याची चिंता वाहणारा प्रकाशक उभा होता, हे आपण सहसा विसरतो. दुसरे प्रकाशन 'काव्यसंग्रह'. १८९०पासून वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली मोरोपंत, वामनपंडित आदी कवींच्या रचना मासिकरूपाने त्यात येऊ लागल्या. पोथ्यांतून विखुरलेली पंडिती कविता सलग, शुद्ध आणि टिपांसह हाती येणे, ही मराठी काव्याच्या अभ्यासाची पूर्वअट होती. मोरोपंतांवर पुढे जी अनुकूल-प्रतिकूल चर्चा झाली, तिला या छापील पानांचा मोठा आधार आहे.

परंतु निर्णयसागरची खरी कीर्ती १८८६मध्ये सुरू झालेल्या 'काव्यमाले'ची. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशीनाथ पांडुरंग परब यांनी हस्तलिखितांत पडून असलेले संस्कृत ग्रंथ मासिकातून क्रमशः छापायला घेतले. सरकारच्या आश्रयाने निघणारी मुंबई संस्कृत ग्रंथमाला १८६०च्या दशकापासून चालू होतीच, आणि तिच्यातले अनेक ग्रंथही निर्णयसागरच्याच छापखान्यात छापले जात. काव्यमाला मात्र खाजगी उद्योग होता. तिच्यामागे ना खाते, ना विद्यापीठ. जगन्नाथ पंडिताचा 'रसगंगाधर' १८८८मध्ये, अभिनवगुप्ताच्या 'लोचन' टीकेसह आनंदवर्धनाचा 'ध्वन्यालोक' १८९१मध्ये, भरताचे 'नाट्यशास्त्र' १८९४मध्ये, असे ग्रंथ तिच्यातून बाहेर पडले. मालेबाहेर 'कथासरित्सागर' १८८९मध्ये आला. ही नावे वाचताना साहित्याच्या अध्यापकाने क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ध्वनी, रस, साधारणीकरण हे शब्द वर्गात आपण सहज उच्चारतो. ज्या ग्रंथांतून ते आले, त्यांतला 'ध्वन्यालोक' १८९१पूर्वी छापील स्वरूपात नव्हता. जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी १९०२-०३मध्ये त्याचा जर्मन अनुवाद केला तो काव्यमालेच्या प्रतीवरून. रा. श्री. जोग यांचा 'अभिनव काव्यप्रकाश' (१९३०), के. ना. वाटवे यांचा 'रसविमर्श' (१९४२), ग. त्र्यं. देशपांडे यांचे 'भारतीय साहित्यशास्त्र' (१९५८) ही मराठी समीक्षेतील मोठी पुस्तके. संस्कृत साहित्यशास्त्राचे मूळ ग्रंथ छापून सर्वांच्या हाती आले नसते, तर ती आहेत त्या स्वरूपात लिहिली जाणे अवघड होते.

गुणगान करताना उणिवा झाकणे बरे नव्हे. काव्यमालेच्या आवृत्त्या आजच्या अर्थाने चिकित्सक नाहीत. हाती आलेल्या दोन-चार हस्तलिखितांवर त्या बेतल्या, त्यांना क, ख, ग अशी नावे दिली, आणि पाठभेद तळटीपांत नोंदवले. हस्तलिखितांची वंशावळ लावण्याची पद्धत तेथे नाही. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतावरील 'लोचन' त्या वेळी हाती नव्हते. सुशीलकुमार डे यांनी ते पुढे, १९२३मध्ये, छापले. 'नाट्यशास्त्रा'चा १८९४चा पाठ अनेक ठिकाणी भ्रष्ट आहे. अभिनवभारतीसह बडोद्याची आवृत्ती १९२६पासून येऊ लागली तेव्हा त्याच्या मर्यादा उघड झाल्या. तरीही एक गोष्ट राहतेच. पाठ दुरुस्त करायलासुद्धा आधी एक छापील पाठ समोर असावा लागतो. प्रत्येक अभ्यासकाजवळ तीच प्रत, तोच पृष्ठांक, तीच ओळ असली म्हणजे मुंबईचा माणूस आणि बॉनचा माणूस एकाच शब्दावर वाद घालू शकतात. दासबोधाच्या बाबतीतही हेच घडलेले दिसते. मठामठांतून नकला होत गेल्या आणि पाठ बदलत गेले; म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभी शंकरराव देवांना डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातची म्हणून जपलेली प्रत शोधून ती छापावीशी वाटली. मूळ प्रतीची ओढ छापखान्याने निर्माण केली, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

या कथेला एक सामाजिक पदर आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. जावजी मराठा. त्यांच्या हयातीत आणि पुढेही, संस्कृत विद्येवर कोणाचा अधिकार, हा महाराष्ट्रातला धगधगता प्रश्न होता. अशा काळात एका ब्राह्मणेतर कारागिराच्या ओतशाळेत काव्यशास्त्र आणि धर्मशास्त्र शिशात ओतले जात होते, आणि थोर शास्त्री आपला ग्रंथ निर्णयसागरने छापावा म्हणून धडपडत होते. जावजींनी याविरुद्ध किंवा याविषयी काही जाहीर भूमिका घेतली असे नव्हे. ते सुधारक चळवळीचे पुढारी नव्हते, आणि त्यांना तसे रंगवणे अप्रामाणिक ठरेल. पण छापील प्रत किंमत मोजणाऱ्या कोणाच्याही हाती जाते. ती जात विचारीत नाही. पोथीचे तसे नसते. निर्णयसागरने कुल्लूकभट्टाच्या टीकेसह 'मनुस्मृती'च्या आवृत्त्या काढल्या. त्या जशा सनातन्यांनी घेतल्या तशा त्यांच्या विरोधकांनाही खुल्या होत्या. शिवथरचे खोरे ज्या महाड तालुक्यात येते, त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन घटनांच्या मधल्या ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, तेही खिळे जुळवूनच. ज्या ग्रंथाचे वाचन काहींना निषिद्ध होते तो वाचून, त्यातली वचने दाखवून, त्याचा जाहीर धिक्कार करणे शक्य झाले, त्यात मुद्रणाचा वाटा आहे. मुद्रकाला हे अभिप्रेत होते की नव्हते, हा प्रश्न वेगळा. उद्योगाचे परिणाम उद्योजकाच्या हेतूच्या फार पलीकडे जातात.

आता ज्या शब्दाने अशा माणसांचे वर्णन केले जाते त्या शब्दाकडे वळू. 'स्वकर्तृत्वावर मोठा झालेला' हे विशेषण जावजींना लागते यात शंका नाही. वारसा नाही, भांडवल नाही, शिक्षण नाही, जातीचा विद्याधिकार नाही. मुठीत होते ते बोटांचे ज्ञान. एकोणिसाव्या शतकाला अशी चरित्रे फार प्रिय होती. सॅम्युएल स्माइल्सचे 'सेल्फ हेल्प' १८५९मध्ये निघाले आणि कष्टाळू, काटकसरी, स्वावलंबी पुरुषाचा नमुना सगळीकडे पसरला. जावजींच्याच 'बालबोध'ने मराठी मुलांना थोर पुरुषांची चरित्रे वर्षानुवर्षे वाचायला दिली, आणि त्या चरित्रांना शोभेल असा एक पुरुष त्यांचा प्रकाशक म्हणून गल्ल्यावर बसला होता, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

पण हा नमुना अर्धेच सांगतो, असे आमचे मत आहे. जावजींना ग्रॅहम यांनी शिकवले. अक्षरांना रूप राणोजींच्या हाताने दिले. ग्रंथ कोणते छापावेत हे दुर्गाप्रसाद व परब यांच्या विद्वत्तेने ठरवले. मराठी बाजू दोन ओकांनी सांभाळली. आणि ज्यांची नावे कोणत्याच पानावर नाहीत असे जुळारी, ओतारी, यंत्र चालवणारे, मुद्रिते वाचणारे कित्येक. मुंबईचे कारखाने आणि छापखाने ज्या हातांवर चालले, त्यांतले पुष्कळ हात कोकणातून, घाटाखालच्या गावांतून, सावित्रीच्या आणि बाणकोटच्या खाडीने बोटीतून आलेले. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागातला 'मुंबईकर' ही तेव्हापासूनची ओळख आहे. मग जावजींचे स्वतःचे असे काय? आमचे उत्तर असे: कोणाचे कसब कोणत्या जागी बसते हे ओळखणे, आणि ते तेथे टिकवणे. राणोजींचा ठसा आणि परबांची तळटीप एकाच पानावर आणणारा तिसरा माणूस लागतो. खिळे जुळवणाऱ्याने अक्षरांचे जे करायचे, ते त्यांनी माणसांचे केले. दासबोधातल्या सदेवाच्या लक्षणांत माणसे राखण्याला जे स्थान आहे, त्याचे एवढे उघड उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी उद्योगात दुसरे चटकन आठवत नाही.

याच्या जोडीला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण घेतले तर फरक स्पष्ट होतो. १८७४मध्ये 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या शास्त्रीबोवांनी पुढे सरकारी नोकरी सोडली आणि चित्रशाळेसारख्या उद्योगांत हात घातला. तो विद्वानाचा मुद्रणव्यवसायात झालेला प्रवेश होता. जावजींचा प्रवास उलट दिशेचा. ते छापखान्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून विद्वत्तेच्या दारापर्यंत आले. पहिल्या प्रवासाला आपण वाङ्मयेतिहासात प्रकरणे दिली. दुसऱ्याला फार तर एक वाक्य. पु. बा. कुलकर्णी यांनी जावजींचे चरित्र लिहून ही उणीव काही अंशी भरून काढली. पण ते चरित्र मुद्रणाच्या अभ्यासकांपुरते राहिले. साहित्याच्या वर्गात ते पोचले नाही.

१८९२मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जावजी वारले. त्याच वर्षी पंडित दुर्गाप्रसादही गेले. एखाद्या माणसाच्या बळावर उभा राहिलेला उद्योग त्याच्याबरोबर संपायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. दुर्गाप्रसादांच्या जागी पंडित शिवदत्त आले आणि परबांसह त्यांनी माला चालू ठेवली. 'नाट्यशास्त्र' या नव्या जोडीचेच. छापखान्याची धुरा तुकाराम जावजी यांनी घेतली. जुन्या पुस्तकांची शीर्षकपृष्ठे चाळली की प्रकाशकाचे नाव बदलत गेलेले दिसते: आधी जावजी दादाजी, मग तुकाराम जावजी, पुढे पांडुरंग जावजी, आणि १९४०च्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग. पत्ता मात्र कोळभाट गल्लीचाच. एका घराण्याचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास चार नावांत मावलेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय मावळला. त्याचे ग्रंथ दिल्ली-वाराणसीच्या प्रकाशकांनी छायाचित्रण करून पुन्हा छापले, आणि आता ते संगणकाच्या पडद्यावरही दिसतात. गंमत अशी, की या पुनर्मुद्रणांत आवरण नवे असते, प्रकाशकाचे नाव नवे असते. पण आतले अक्षर तेच असते. ज्याला एकदा त्या अक्षराची ओळख झाली तो नाव न पाहताही सांगतो, हे निर्णयसागरचे.

साहित्याच्या इतिहासाची कल्पना आपण लेखक, कृती आणि समीक्षक या तीन खांबांवर उभी केली आहे. ग्रंथ वस्तू म्हणून कसा तयार झाला, त्यात कोणाचे पैसे आणि कोणाचे डोळे गेले, त्याची किती वर्षे विक्री झाली, हे प्रश्न आपण व्यापारी म्हणून बाजूला ठेवतो. समर्थांनी ते बाजूला ठेवले नव्हते. ग्रंथरचनेइतकाच ग्रंथलेखनाचाही त्यांना विचार करावासा वाटला. कागद, शाई, टाक आणि समास यांची चर्चा त्यांनी ग्रंथातच केली. म्हणून आमची सूचना साधी आहे. ध्वनिसिद्धान्त किंवा मोरोपंत शिकवताना अध्यापकांनी एकदा जुनी निर्णयसागर प्रत वर्गात न्यावी आणि विद्यार्थ्यांना शीर्षकपृष्ठाचा तळ वाचायला सांगावा. मग एखादे अवघड जोडाक्षर भिंगाखाली दाखवावे. कवी आणि टीकाकार यांच्या नावांखाली, बारीक अक्षरात, आणखी एक नाव छापलेले असते. ते मोठ्याने वाचले गेले पाहिजे.